तायप्पाला विचारून खणणारे साहेब

रहमतसाहेब गेल्याचं त्यांच्या लेकीनं, नसीमनं, चार ओळींच्या कार्डानं कळवलं. त्याला आता दीड महिना होत आला...

निजामाच्या राज्यातली शेवटची काही वर्षं आम्ही बेंबळीजवळच्या पांढरीवर, म्हणजे एका जुन्या उजाड गावाच्या टेकाडावर, काम केलं. साहेब खोदकामाचे प्रमुख, मी त्यांचा नकाशे काढणारा. खणायला वडार होते आणि तायप्पा त्यांचा म्होरक्या. रोज सकाळी साहेब त्याला विचारायचे, "तायप्पा, आज कुठं?" हैदराबादेत शिकलेल्या माणसानं वडाराला काय विचारायचं, असं मला वाटायचं. एकदा तायप्पानं ढेकूळ बोटांत चुरलं नि म्हणाला, "ही भित न्हाय सायेब, भट्टी हाय. माती भाजल्याली हाय." दोन दिवसांनी खरंच भट्टीचं तोंड उघडलं. तेव्हापासून मीही नकाशावर खूण करायच्या आधी त्याला विचारू लागलो.

टेकाडाच्या उगवतीला मात्र तायप्पा कुणाला फिरकू द्यायचा नाही. पटकीच्या साथीत गेलेली वडारांची लेकरं तिथं पुरली होती. गावही त्या जागेला भ्यायचं. एका पावसाळ्यात तिथलीच दरड ढासळली आणि मूर्तीचं दगडी मस्तक वर आलं. वरिष्ठ आले, तिथं खणा म्हणाले. साहेब म्हणाले, "ज्यांची लेकरं आहेत ते नको म्हणतात. मी खणणार नाही." काम बंद पडलं, त्यांची नोकरी गेली. तरी ते बायको-मुलीसह तिथंच राहिले, सापडलेल्या खापरांची टिपणं लिहीत.

अठ्ठेचाळीस साली हवा बिघडली. आधी निजामाच्या बाजूचे हत्यारबंद लोक गावं लुटत होते. मग राज्य पडलं आणि ज्यांनी काही केलं नव्हतं त्यांच्यावर सूड निघू लागला. बाजार भरेना. ओळखीची माणसं साहेबांचा सलाम घ्यायचं टाळू लागली. त्यांचा धाकटा भाऊ अणदूरला गेला होता, तो परतलाच नाही...

एका दुपारी तायप्पा त्यांच्या दारात आला. "सायेब, बाईला आन् पोरीला घ्या. चला."

"कुठं?"

"जितं कुनी येत न्हाय तितं."

हे मला पुढं कळलं. त्या दुपारी कुऱ्हाडी घेतलेली माणसं आधी माझ्या बेंबळीतल्या घरी आली. त्यातले दोघे माझ्या ओळखीचे होते. "तुझा साहेब कुठाय?" मी म्हणालो, ठाऊक नाही. ते खरंच होतं. तायप्पानं मला सांगितलं नव्हतं. ठाऊक असतं तर मी काय केलं असतं, हे मला आजही सांगता येत नाही.

मग ती माणसं टेकाडावर गेली. लेकरांच्या थडग्यांमागं, दरडीच्या कपारीत साहेब, त्यांची बायको आणि सहा वर्षांची नसीम बसली होती. तायप्पा पहार घेऊन वाटेत उभा राहिला. "हितं आमची लेकरं निजल्यात. पाय टाकायचा तर आदी माझ्यावर टाका." माणसांनी थडग्यांकडं बघितलं नि ती माघारी फिरली. तिघं तीन दिवस तिथंच होती. वडारणी भाकरी पोचवत होत्या.

पुढं साहेब धाराशिवला शाळेत शिकवू लागले. आमची भेट व्हायची, चहा व्हायचा. त्या दुपारी मी काय म्हणालो, हे त्यांनी एकदाही विचारलं नाही.

परवा साहेबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या प्रार्थनेला गेलो. नसीमनं त्यांच्या खोलीतला कागदांचा गठ्ठा पुढं ठेवला. कधीच न छापलेला खोदकामाचा अहवाल. पहिल्या पानावर लिहिणाऱ्यांची दोन नावं होती, साहेबांचं आणि तायप्पा वडाराचं. खाली, नकाशे काढणारा म्हणून, माझं.

"अब्बा म्हणायचे, तुम्हाला दाखवायचंय," नसीम म्हणाली.

मला त्या तिसऱ्या नावाकडं फार वेळ बघवलं नाही.