मिन्योमास्तरांची ओळ

बल्गेरियातल्या आमच्या गाब्रोवोत कोणी काही फेकत नाही. तुटकं बटण, वाकडा खिळा, मेलेल्या सासऱ्याची टोपी, सगळं कपाटात जपून. आमची लोकरी पांघरुणांची गिरणी ह्याच गावातली, आणि गिरणीत स्तानका. यंत्रांना नक्षी शिकवायचं काम तिचं. नक्षी म्हणजे अक्षरांच्या ओळीच ओळी. लाल धाग्याला एक अक्षर, काळ्याला दुसरं. संगणकाच्या साध्या काळ्या पडद्यावर ती त्या लिहिते, माऊसला हातसुद्धा लावत नाही. बाई भयंकर फटकळ, आणि आपल्या नजरेचा गर्व तर विचारू नका. मी शेजारच्या टेबलावर धागे कापते, त्यामुळे तिच्या शिव्या मला तोंडपाठ आहेत.

वसंतात तिचा जुना बुटका पडदा बंद पडला. मालक लाझार, ज्याला आम्ही चड्डीत असल्यापासून पाहतोय, त्याने उंच पडद्याचा नवा संगणक आणून दिला. झालं, तेव्हापासून साडेसाती लागली. डोंगरातल्या एका हॉटेलला लाल कोंबड्याची पांघरुणं हवी होती. पहिलं उतरलं, तर कोंबड्याला डोळाच नाही. स्तानकाला पडद्यावर एक ओळ वाकडी दिसली होती, ती तिने सरळ केली होती म्हणे. दुसरं उतरलं, त्याला दोन तुरे. बायका हसून हसून बेजार झाल्या. मीही हसले, खोटं कशाला बोलू?

लाझार मात्र हसला नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, "मावशी, कोंबडा आंधळा झालाय की तू?" उद्या दुपारपर्यंत धड कोंबडा निघाला तर ठीक, नाहीतर नक्षीचं काम राजधानीत, सोफियाला पाठवतो आणि तू पॅकिंगला बस, असंही सुनावलं. स्तानकाने आंधळ्या कोंबड्याचं पांघरूण उचललं आणि घडी करून कपाटात ठेवलं. तिला पॅकिंगचं काही वाटत नव्हतं. डोळे गेले म्हणाला, ते काळजाला लागलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने कोंबड्याला हातच लावला नाही. एक कोरी फाईल उघडली आणि प्रत्येक ओळीवर फक्त तिचा आकडा लिहिला. मग मला ओढत नेलं. "तू बघ. माझे डोळे म्हणे गेलेत."

ती एकेक ओळ खाली जात राहिली. चोविसाव्या ओळीपर्यंत सगळं बिनचूक. पुढची ओळ आली आणि घोटाळा सुरू झाला. वरच्या ओळी वर सरकायला हव्या होत्या, त्या ढिम्म हलेनात. पडद्यावर आकडा दिसे एका ओळीचा, आणि फाईलमध्ये बाई प्रत्यक्षात उभी असे त्याच्या पुढच्या ओळीवर. पडदा पुसून पुन्हा लिहायची एक कळ असते, ती दाबली की सगळं जागच्या जागी. पुन्हा खाली गेलं की पुन्हा तेच.

"फाईल शहाणी आहे गं, पडदा खोटारडा आहे," ती म्हणाली. म्हणजे ती दुरुस्त करत होती भलतीच ओळ.

पण चोवीसच का? तिने कपाळावर हात मारला. जुन्या पडद्यावर बरोबर चोवीस ओळी मावत. संगणक अजून तेच धरून बसला होता, चोवीस भरल्या की पडदा आपोआप वर सरकेल असं समजत होता. उंच पडद्यावर खाली जागा मोकळी, तो कशाला सरकतोय?

संगणकाला हे सांगितलं कोणी? तर मिन्योमास्तरांनी. स्तानकाला हे काम शिकवणारे तेच, देवाघरी जाऊन किती वर्षं झाली. त्यांनी लिहिलेली सूचनांची फाईल आमच्या गिरणीत विरजणासारखी या संगणकातून त्या संगणकात जाते. आत काय आहे ते कोणी बघत नाही, काढून टाकणं तर दूरच. तिच्यातच ती ओळ होती, पडदा चोवीस ओळींचा म्हणून. स्तानकाने त्या ओळीवरून बोट फिरवलं. डोळे भरून आले होते तिचे. मग तिने नाक पुसलं आणि कामाला लागली.

दुपारी सगळी गिरणी यंत्राभोवती गोळा झाली. लाझार हातात ताकाचा पेला घेऊन उभा. पांघरूण उतरलं, आणि काय तो कोंबडा! टपोरा डोळा, एकच तुरा, चोच अशी की आत्ता टोचेल. बायकांनी टाळ्या पिटल्या. मला तर रडूच आलं.

स्तानकाने पांघरूण लाझारच्या तोंडासमोर धरलं. "आता बोल. डोळे कोणाचे गेले?"

"माझे, मावशी," तो म्हणाला आणि आपला पेला तिच्या हातात दिला. तिने तो शेवटपर्यंत प्यायला. मग सगळी हकीकत ऐकून लाझारने हळूच विचारलं, मास्तरांची ती ओळ फेकलीस का?

"फेकू? गाब्रोवोची आहे मी," स्तानका म्हणाली. "ओळीच्या पुढे एक खूण घातलीय, आता संगणक ती वाचत नाही, उंची पडद्यालाच विचारतो. मास्तरांना जरा गप्प बसवलंय. घराबाहेर नाही काढलं."