माझ्या नावाची सव्वा मूठ

वर्षभर मी देवापुढे हात जोडायचं टाळलं. खोलीतल्या सप्तशृंगीच्या तसबिरीकडे पाठ करून जेवायचो. तिने सगळं पाहिलं असणार, या विचाराने घास उतरत नसे. आणि पाहूनही ती गप्प कशी, या विचाराने तिचाच राग यायचा.

प्लेगची धास्ती ओसरून सुरतेतले कारखाने पुन्हा भरले, त्यानंतरची गोष्ट. मी आणि सुकलाल भेस्तानच्या एका कारखान्यात शेजारशेजारचे माग चालवायचो. दोघेही खानदेशातले, राहायला नवागामला. मला खोड्यांची हौस होती. कोणाच्या चपला लपव, कोणाच्या डब्यात सुताचा गुंता भर, असलं काहीतरी. सगळ्यात मोठ्याने हसणारा सुकलालच असे.

एका दुपारी जेवणानंतर वीज गेली. सुकलाल मागाला टेकून बसला आणि तिथेच पेंगला. घाम पुसायचा गमछा त्याने उजव्या हाताला गुंडाळला होता. त्याचं लोंबतं टोक मी मागाच्या पट्ट्याच्या चाकाला बांधलं. तो उठेल, हिसका बसेल, धडपडेल, आम्ही हसू, एवढंच डोक्यात होतं. मागाचं बटण चालूच राहिलं होतं, ते मी पाहिलं नाही. वीज आली. माग धडधडला आणि त्याचा हात आत ओढला गेला.

मीच धावलो. बटण बंद केलं, सूत तोडायच्या कातरीने गमछा कापला. मी मारलेली गाठ त्या चिंध्यांत गेली. उजव्या हाताची चार बोटं गेली. मुकादम म्हणाला, “कामावर झोपतो, गमछा सांभाळता येत नाही, दोष कोणाचा?” सगळ्यांनी माना डोलावल्या. माझी मात्र पाठ थोपटली, वेळेवर कातर चालवली म्हणून. मी ती थाप घेतली. रात्रंदिवस स्वतःला सांगत राहिलो की बटण त्यानेच बंद करायला हवं होतं.

सुकलालचं मागावरचं काम सुटलं. दर रविवारी मी त्याच्याकडे जायचो. त्याला डाव्या हाताने शर्टाची बटणं लावताना पाहायचो. त्याने एकदा तरी माझी गचांडी धरावी, आईवरून शिवी द्यावी, असं आतून फार वाटे. पण तो चहा पुढे करायचा, आणि त्याची माय शेजारणींना सांगायची, “हाऊ नसता तं मन्हा पोरना पुरा हात गया असता.”

श्रावण आला. त्यांच्या घरी कानबाईदेवी बसायची होती. आमच्या खानदेशात कानबाईच्या रोटांसाठी, म्हणजे नैवेद्याच्या जाड पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढतात, आणि ते रोट भाऊबंदांच्या बाहेर कोणी खात नाही. मी गेलो तेव्हा माय सूप घेऊन बसली होती. तिने सुकलालच्या नावाने गहू घेतला, नातवाच्या नावाने घेतला. मग माझ्याकडे पाहून हसली आणि पुन्हा मूठ भरली. “आनि हाई तुन्हा नावनी.”

वर्षभर न निघालेले शब्द कसे निघाले, मला आजही कळत नाही. गमछा, गाठ, कातर, सगळं सांगून टाकलं. मायचा हात गव्हातच राहिला. सुकलाल उठून बाहेर निघून गेला. मी म्हणालो, “माय, माझ्या नावाचा गहू काढून टाक.”

“देवीना नावनं मोजेल गहू परत नही काढतस,” ती म्हणाली. माझ्याकडे न पाहता म्हणाली, “पन आते तू जाय.”

दुसऱ्या दिवशी, रविवारी, तिथे कानबाई बसली असेल, गाणी चालली असतील. मी खोलीत पडून होतो. लहानपणी जत्रेत हरवलो होतो, तेव्हा आईची जशी ओढ लागली होती, तशी मला त्या घराची ओढ लागली. दुपारी दारात सावली आली. सुकलाल होता. आत आला नाही.

“मी झोपेल व्हतू, हाई खरं. पन गमछा मी नव्हता बांधेल. समदा मालेच हसतस. उद्या कारखानामा जाईसन सांग, समदासमोर. मंग घर ये. माय रोट ठेवी राहिनी.”

सोमवारी बायका कानबाईला डोक्यावर घेऊन तापीकडे निघाल्या, त्या वेळी मी कारखान्यात मुकादमासमोर उभा होतो. “अरे, हवे शुं? वरस थई गयुं!” वर्षापूर्वीचं आता कशाला, म्हणून तो वैतागला. मी माग बंद करायला लावले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. एकजण माझ्या पायाजवळ थुंकला. कामावरून मला त्याच दिवशी काढलं. बाहेर रस्त्यावर आलो तेव्हा कित्येक महिन्यांनी आपोआप हात जोडले गेले.

संध्याकाळी मायने माझ्यापुढे ताट ठेवलं. समोर सुकलाल भिंतीकडे तोंड करून जेवत होता. रोटाचा तुकडा तोंडात घातला आणि मला रडू फुटलं. “रोट रडत नही खातस,” माय दरडावून म्हणाली, “गुमान खाय.”

ही देवीची कृपा की एका म्हातारीची, याचा वाद मी घालत नाही. वर्षभर हात न जोडताही मी मनातल्या मनात देवीकडे एकच मागत होतो की हे कोणाला कळू नये. ते मागणं तिने मानलं नाही, याबद्दल मी तिचा ऋणी आहे. शरण जायचं तर ज्याचं नुकसान केलं त्याच्या पायरीवरून जावं लागतं, एवढं मला समजलं.

माय आता नाही. सुकलालची बायको दर श्रावणात माझ्या नावाने गहू काढते. सुकलाल बोलतो, मुलांच्या लग्नात मला पुढे बसवतो. पण माझ्यासमोर तो पूर्वीसारखा खदखदून कधी हसला नाही. ते हसू ऐकायला जीव तळमळतो. मागत नाही, ते त्याचं आहे. त्याच्या दाराशी गेलो की अजूनही आधी बाहेर थांबतो. आतून “ये” ऐकू आलं, की मगच चप्पल काढतो.