उडवीवरून मारलेली उडी

आमचे बाबा शिडीचे पक्के शत्रू होते. लोधिवलीजवळच्या आमच्या वस्तीत भातझोडणी उरकली की पेंढ्याची घराएवढी उंच उडवी रचायचे. बाबा तिच्यावर सरसर चढायचे आणि काम झालं की सरळ खाली उडी टाकायचे. आई ओरडायची, "अवो, शिडी लावा!" ते मिशीत हसायचे. मला त्यांचा केवढा अभिमान! नव्या पेंढ्याचा वास आला की ते आजही कमरेवर हात ठेवून वर उभे दिसतात आणि मला त्यांची फार आठवण येते.

सत्तर सालाच्या आसपास, मी आठ वर्षांची असताना, वरून उडी मारताना त्यांचा पाय घसरला. डोकं खळ्याच्या कडेच्या दगडावर आपटलं. जरा वेळ निपचित पडले, मग उठून बसले. रक्त म्हणाल तर टिकलीएवढं.

"आयला सांगू नको गं बाय. फाडून खाईल ती मला."

मी मान डोलावली. थोड्या वेळानं त्यांना उलटी झाली. मी माझ्या परकरानं त्यांचं तोंड पुसलं, उलटीवर माती सारली. आई ओढ्यावर धुणं धूत होती, तेवढ्यात घरी जाऊन परकर बदलला आणि माखलेला परकर भाताच्या कणगीमागं कोंबला. बाबा पेंढ्यात झोपले होते. मी माश्या वारत बसले. बाबांचं गुपित माझ्याकडे, त्यामुळं दुपारभर मी हवेत होते.

उन्हं उतरली तरी ते उठेनात. हलवलं, हाका मारल्या, ते नुसते घोरत होते. तेव्हा मी "बाबा पडले" अशी बोंब ठोकत घराकडे पळाले. माणसांनी त्यांना उचलून हायवेवर आणलं, एका टेंपोवाल्यानं मुंबईच्या हॉस्पिटलात पोचवलं. मीही आईबरोबर गेले.

डॉक्टरांनी विचारलं, "पडल्यावर उलटी झाली होती का?"

"नाय," आई म्हणाली.

मी तिचा पदर धरून उभी होते. माझं तोंड काही उघडलं नाही. डोक्याला मार लागून उलटी झाली किंवा झोप आवरेना, तर क्षणभर थांबू नये, असं डॉक्टर पुढं सांगत होते. ते ऐकून मी आईच्या मागं सरकले.

दीड महिन्यानं बाबा घरी आले. नेमका शब्द सापडत नसे, ऊन सोसत नसे, आणि कधी नव्हे ते ताट भिरकावून द्यायचे. स्वतःचं घरही चुकायचे. वस्तीत निळी दारं बरीच, म्हणून आईनं आमचं दार पिवळं रंगवलं. वस्तीनं त्यांना कधी येडं म्हटलं नाही. कुणीही हात धरून म्हणायचं, "चला, पिवळ्या दाराशी." खळ्यावर त्यांना पेंढ्या बांधायला बसवायचे. हात काही विसरले नव्हते.

पडल्याचं मात्र त्यांना काहीच आठवत नव्हतं. येईल त्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगायचे, "ही माजी लेक. हिनं मला वाचवलं." मला धरणी ठाव देईना.

लग्नानंतर एकदा माहेरी आले आणि अंगणात त्यांना सगळं सांगून टाकलं. परकर, माती, दुपारभर गप्प बसणं.  ते माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मीच सांगितलं आसंल. तुजा काय दोष?" मी पोटभर रडले, हलकी झाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारीण आली. बाबा अंगणातल्या खाटेवरून म्हणाले, "ही माजी लेक. हिनं मला वाचवलं."

कबुली आणि माफी, दोन्ही एका रात्रीत पुसली गेली होती. मी चिडून आईकडे गेले. "हे बाबांच्या डोक्यात भरवलं तरी कुणी?"

आई तांदूळ पाखडत होती. "मी."

"आई, त्यांना उलटी झाली होती. मी लपवलं."

"ठावं हाय. मुंबईवरनं आल्यावर कणगीमागचा परकर मीच धुतला."

मी तिच्याजवळ खाली बसले.

"एकाचं डोकं फुटलं तेवढं बास झालं व्हतं," ती म्हणाली, आणि सूप खाली ठेवून अंगणाकडे ओरडली, "अवो, उन्हातनं उठा!"