दोन रेघा आणि सुशीलाकाकूंची डबी

स्ट्रिपवर एकच रेघ आली.

मी ती टेबलावर ठेवली, पुन्हा उचलली, खिडकीच्या उजेडात धरली. एकच. समोर दत्तारामकाका दोन्ही हात मांडीखाली घालून बसले होते. शेजारी त्यांच्या बायकोने, सुशीलाकाकूंनी, माझ्या चेहऱ्यावरून काय ते ओळखलं.

“बाय, एक रेघ म्हणजे काय?”

“तंबाखू चालू आहे, काकू. लघवीत तंबाखूचा अंश असला की दुसरी रेघ येत नाही.”

काकू ताडकन उभ्या राहिल्या. “माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतलीत ना? मी मेले तरी चालंल तुम्हाला?”

“अगं, नाय खाल्ला! देवाशप्पत नाय खाल्ला!”

आता थोडं मागे जाते. मी उल्हासनगरात एका लहानशा हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. माझं काम कार्डियाक रिहॅबचं. म्हणजे हार्ट अटॅक येऊन गेलेल्या माणसाला हळूहळू चालतं-फिरतं करायचं, आणि ज्या सवयींनी त्याला इथवर आणलं त्या सोडवायच्या. वडील भातशेती सांभाळून वीटभट्टीवर ट्रक भरायचे. घरातली पहिली डिग्री माझी. ती केबिनच्या भिंतीवर फ्रेममध्ये आहे, आणि आलेल्या माणसाचं लक्ष गेलं नाही तर मी खुर्ची जरा सरकवते.

दत्तारामकाका चामटोली गावचे. अंबरनाथ एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत पर्मनंट, रिटायरमेंटला तीन वर्षं. अटॅक आला, स्टेंट पडली, म्हणजे बंद झालेल्या रक्तवाहिनीत जाळीची छोटी नळी बसवली. जीव वाचला. पण कंपनीने लेखी विचारलं होतं: तंबाखू सुटला का, आणि माणूस सहा मिनिटांत किती चालतो? दोन्ही लिहून द्या, मग गेटच्या आत घेऊ. मुदत महिनाअखेरची. हातात तीन आठवडे. सर्टिफिकेट नाही तर कामही नाही. आणि तंबाखू सुरूच राहिला तर पुढचा अटॅक गेटपर्यंतही जाऊ देणार नाही, हे मी काकांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

त्याच दिवशी मी काकूंना बाजूला घेऊन म्हटलं होतं, “काकू, लक्ष तुम्हीच ठेवायचं.” त्यांनी ठेवलं. खिसे तपासले, स्कूटरची डिकी उघडून बघितली, पानाच्या टपरीवाल्याला जाऊन दम दिला. काका संडासातून बाहेर आले की तोंडाचा वास घ्यायच्या. मला फार कौतुक वाटायचं. मी फाईलवर लिहिलंसुद्धा होतं: बायकोचा सपोर्ट उत्तम.

आणि आता ही एक रेघ.

“काका,” मी शक्य तितक्या शांतपणे विचारलं, “सकाळी उठल्यापासून काय काय तोंडात जातं ते सांगा. पाण्यापासून.”

“पाणी. मग चहा, बिनसाखरेचा. मग गोळ्या.”

“त्याच्या आधी?”

“आधी काय, दात घासतो.”

“कशाने?”

काका बायकोकडे न बघता म्हणाले, “हिच्या डबीतल्यानं. ही आंघोळीला गेली की.”

काकूंचा हात नकळत कमरेला गेला. लुगड्याच्या ओच्यात खोचलेली लहानशी डबी मला तेव्हा पहिल्यांदा दिसली.

मिश्री. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते: तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुस्करायची आणि बोटाने दातांवर, हिरड्यांवर घासत बसायचं. आमच्याकडच्या बायका सकाळी मागच्या दाराशी बसून लावतात, पुन्हा दुपारी, पुन्हा संध्याकाळी. तिला कोणी तंबाखू म्हणत नाही. तंबाखू पुरुष खातात, मिश्री बायका लावतात, असा सरळ हिशेब.

“ती मिश्री हाय,” काकू म्हणाल्या. “तंबाखू नाय.”

“काकू, मिश्री कशाची करता?”

“पानाची.”

“कसल्या पानाची?”

काकूंनी ओच्यावरून डबी चाचपली. हळूच खुर्चीत बसल्या. महिनाभर सगळी चामटोली धुंडाळली आणि माल स्वतःच्या कमरेला!

“मी शपथ मोडली नाय,” काका पुटपुटले. “तंबाखूला हात लावला नाय. डबीलाच लावला.”

हसावं की रडावं ते कळेना. पण खरी लाज मलाच वाटत होती. आमच्या फॉर्मवर प्रश्न आहे: घरात इतर कोणी तंबाखू खाते का? काकूंनी ‘नाय’ सांगितलं, मी ‘नाही’वर टिक केली. माझ्या स्वतःच्या आईच्या ओच्यात डबी असते. भाजताना घरभर होणारा ठसका खात मी दहावीचा अभ्यास केला. कॉलेजात शिकलेलं सगळं पाठ होतं, घरात बघितलेलं विचारायचं राहिलं.

स्ट्रिप घेऊन मी आमच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. सिंधी आहेत, सगळं हॉस्पिटल त्यांना दादा म्हणतं.

“देखो बेटा, मैं झूठा सर्टिफिकेट नहीं देता. अनफिट लिख दो.”

“दादा, चूक माझी आहे. मी बायकोला वॉचमन केलं. तिलापण पेशंट करायला पाहिजे होतं.”

“उसको क्या हुआ है?”

“तेच जे काकांना. फक्त अटॅक नाही आला अजून.”

दादांनी चष्मा काढला. “तीन हफ्ते. एक दिन ज्यादा नहीं.”

मी अक्षरशः पळत केबिनमध्ये आले. नवीन फाईल काढली आणि वर मोठ्या अक्षरात काकूंचं पूर्ण नाव लिहिलं.

“माझी फाईल? मला काय झालंय?”

“तुमचा कार्यक्रम वेगळा, काकांचा वेगळा. आजपासून कोणी कोणाचे खिसे तपासायचे नाहीत.”

काकूंनी फाईलवर बोट फिरवलं. “रेशनकार्डावर सोडलं तर माझं नाव असं पयल्यांदाच बघतेय,” म्हणाल्या. मग ओच्यातली डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. झाकण घट्ट होतं, दोनदा दाबून बघितलं आणि मगच हात काढला.

नियम एकच दिला. तलफ आली की लपवायची नाही, मोठ्याने बोलायची. ज्याला आली त्याने बोलायचं, दुसऱ्याने उठायचं, आणि दोघांनी मिळून चालायला जायचं. तलफ काही मिनिटं जोर करते आणि ओसरते, तेवढं चालून काढायचं. ओरडायचं नाही. शपथा बंद.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला काकूंचा फोन. “बाय, तुझ्या डिग्रीला आग लाव! डोकं फुटतंय. पोट साफ नाय. चारदा उठले, चारदा बसले.”

“काका कुठे आहेत?”

“ते पाणी तापवतायत माझ्यासाठी. बडीशेप टाकून. लग्नाला तीस वर्षं झाली, चूल कुठं हाय ते आज कळलं त्यांना.”

मी फोन ठेवला आणि एकटीच हसत सुटले. चालतंय! गाडी रुळावर आली होती. काका आता पकडला जाणारा माणूस राहिले नव्हते. त्यांना आपल्या बायकोचं काही सांभाळायचं होतं.

पुढच्या आठवड्यात काकू बूट घालून आल्या. नऊवारी आणि खाली पांढरेशुभ्र स्पोर्ट्स शूज, उल्हासनगरच्या कॅम्प दोनच्या बाजारातून घेतलेले. दुकानदाराने ब्रँडेड म्हणून दिले होते. नावाचं स्पेलिंग काही वेगळंच होतं, पण तळवा चांगला होता, म्हणून मी बोलले नाही.

गावात दोघं शेजारी शेजारी चालायला लागल्यावर गंमत सुरू झाली. आमच्याकडे नवरा चार पावलं पुढे, बायको मागे. टपरीवरून कोणी तरी ओरडलं, “काय दत्तूशेठ, नवीन लगीन झालं काय?”

काका लाजले. काकूंनी मान वळवली. “हो तर! तुला पत्रिका नाय आली?”

हे मला दोघांनी मिळून सांगितलं, एकमेकांचं वाक्य तोडत. आणि चालायच्या टेस्टमध्ये काका आधीपेक्षा पन्नास मीटर जास्त गेले. ही टेस्ट साधी असते. कॉरिडॉरमध्ये दोन कोन ठेवायचे, सहा मिनिटं फेऱ्या मारायच्या, अंतर मोजायचं. नाडी ठीक, धाप नाही. मी घड्याळ थांबवलं तेव्हा धाप मलाच लागली होती.

मग आली शेजारच्या घरची हळद. गावच्या हळदीत काय असतं ते मला माहीत आहे. पुढे मांडवात पुरुष, ताटात पानसुपारी आणि तंबाखू. मागच्या पडवीत बायका, आणि फिरती डबी. मी दोघांना म्हटलं होतं, हळद लावा आणि लवकर निघा. हळद लावून लवकर निघालेला माणूस मी जन्मात बघितलेला नाही, तरी म्हटलं होतं.

पुढचं काकूंनी सोमवारी सांगितलं.

“जाऊबाईनं डबी पुढं केली. मी नको म्हटलं. ती म्हणे, आता तू मॅडमची पेशंट, आम्ही गावठी. सगळ्या हसल्या. मग घेतली गो मी बोटावर. खोटं कशाला बोलू. बोट असं तोंडापाशी.” त्यांनी बोट ओठांजवळ नेऊन दाखवलं. “आणि दारात हे उभे.”

हळदीच्या दिवशी बायकांच्या पडवीच्या दारात पुरुषाने येऊन उभं राहायचं नसतं. काका उभे होते. सगळ्यांच्या देखत म्हणाले, “सुशीला, मला तलफ आलीय. चल, फिरून येऊ.”

तीस वर्षांत त्यांनी चारचौघांत काकूंना नावाने हाक मारली नव्हती.

“जाऊबाई म्हणाली, अगोबाई, राहवत नाय वाटतं!” काकू सांगताना लालेलाल झाल्या. “मी बोट पदराला पुसलं आणि निघाले. नदीपर्यंत गेलो. मागं बँजो वाजत होता.”

मी काकांना विचारलं, “तुम्हाला खरंच तलफ आली होती?”

“आली होती ना,” काका म्हणाले. “मांडवात ताट समोर होतं. पण मला वाटलं, माझी ही गत, तर तिची काय झाली असंल.”

माझ्या पुस्तकांत या उपायाला नाव असेल. मला मात्र ते वाक्यच औषधासारखं वाटलं.

शेवटचा दिवस. दादा स्वतः केबिनमध्ये येऊन उभे. कंपनीला फक्त काकांची टेस्ट हवी होती, पण काकू ऐकेनात. “माझीपण फाईल हाय.” म्हणून दोन स्ट्रिप्स, शेजारी शेजारी, खाली मी पेनाने नावं लिहिलेली.

पाच मिनिटं थांबायचं असतं. पहिली रेघ दोन्हींवर लगेच आली. ती येतेच, स्ट्रिप चालते आहे एवढंच सांगते. प्रश्न दुसरीचा.

दोन मिनिटं. काही नाही. काका छताकडे बघत होते. काकू स्ट्रिपवर इतक्या वाकल्या की दादा म्हणाले, “मावशी, रोशनी तो आने दो.”

आणि काकांच्या स्ट्रिपवर काही तरी उमटलं. आधी भास वाटला. मग फिकी, बारीक, पण रेघ!

“दादा, फिकी चालते ना?” मला माहीत असूनही मी विचारलं.

“लाइन मतलब लाइन!” दादांनी टेबलावर थाप मारली.

काकूंची रेघ पाठोपाठ आली, चांगली ठसठशीत. “माझी जास्त गडद हाय,” त्या म्हणाल्या. “सुनेच्या टायमाला पण दोन रेघांवर पेढे वाटले होते. आतापण वाटणार.”

“पेढे नाहीत, काकू. स्टेंट.”

“मग चणे वाटीन!”

चालायच्या टेस्टमध्ये काका पहिल्या दिवसापेक्षा सव्वाशे मीटर जास्त चालले. शेवटच्या फेरीत काकू नियम मोडून शेजारून चालल्या आणि मी बघितलंच नाही असं केलं. दादांनी सही केली. सोमवारी काका गेटमधून आत गेले, डब्यात ज्वारीची भाकरी आणि मेथी.

मी आमचा फॉर्म बदलला. ‘घरात इतर कोणी तंबाखू खाते का’ हा प्रश्न काढला. आता तिथे आहे: घरात मिश्री कोण लावतं, आणि डबी कुठे असते? उत्तरं खरी येतात. पेशंटसोबत आलेल्या माणसाची फाईलही त्याच दिवशी उघडते. एकाने पहारा द्यायचा आणि दुसऱ्याने सुधारायचं, असलं घर मला अजून तरी चाललेलं दिसलेलं नाही.

नवीन फॉर्म सगळ्यात आधी घरी नेऊन आईला वाचून दाखवला. तिने शांतपणे ऐकून घेतलं, डबीचं झाकण लावलं आणि विचारलं, “आणि माझ्यासोबत सोडणार कोण?”

मी तंबाखू खात नाही, पण दिवसाला सात कप गोड चहा पिते. सोमवारी दोन फायली उघडल्या. एक तिची, एक माझी.