बागेत बोललेलं एक वाक्य

तुम्हाला जे सांगणार आहे ते मी माझ्या नवऱ्यालाही सांगितलेलं नाही. भावाला नाही, मुलीला नाही. देवासमोर हात जोडते तेव्हासुद्धा मी दुसऱ्याच चुका आठवत बसते — कुणाला टाकून बोलले, कुणाच्या आजारपणात फिरकले नाही — आणि ही एक तेवढी वगळते. देवाला ती ठाऊक असणारच. पण माझ्या तोंडून ती आजवर बाहेर पडलेली नाही.

कुठून सुरुवात करू? बागेपासूनच करते.

आमच्या लेआउटमधली बाग नवी होती. सगळंच नवं होतं तिथं. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती, नागपूर अजून राजधानी होतं, आणि शहराच्या पश्चिमेला जिथं बाभळी-बोरी होत्या तिथं प्लॉट पाडून आखीव रस्ते निघाले होते. मधोमध ही बाग. सिमेंटचे बाक, कारंजं, मुलांसाठी लोखंडी घसरगुंडी, कात्रीनं सारखं केलेलं मेंदीचं कुंपण. एका खांबावर भोंगा होता आणि संध्याकाळी त्यावर रेडिओ लागायचा, आधी बातम्या, मग गाणी. हिरवळीवर चालू नये अशी पाटी होती आणि लोक खरंच चालत नसत! मला त्याचं केवढं कौतुक. उमरेडला आमच्या गल्लीत सकाळी पाय ठेवायला जागा नसायची. या टोकापासून त्या टोकापर्यंत सूत ताणून त्याला खळ लावणं चाललेलं असायचं. आणि इथं एवढी मोकळी जागा, नुसती बघायला.

मी कोष्ट्याची मुलगी. बाबा मागावर बसायचे, करवती काठाची लुगडी विणायचे. आमच्या गल्लीत मुली सुताच्या कांड्या भरायला बसत, पण बाबांनी मला शाळेत घातलं, सातवीपर्यंत ठेवलं, लोक हसले तरी ठेवलं. हेही आमच्यातलेच, पण त्यांच्या घरचा माग त्यांच्या वडिलांनीच सोडलेला. ह्यांना सरकारी कचेरीत कारकुनी मिळाली आणि आम्ही लेआउटमध्ये दोन खोल्या घेतल्या. एक सांगून ठेवते — ह्यांनी कधी काही लपवलं नाही. कुणी विचारलं तर सरळ सांगायचे, आम्ही विणकर. लपवलं ते मी.

बागेत बायकांचा एक कोपरा आपोआप ठरून गेला होता. मालतीबाई तिथल्या पुढारी. त्यांचे यजमान ह्यांच्याच कचेरीत, वरच्या जागेवर. बाई मोकळ्या, हसऱ्या, बोलणं स्वच्छ. त्यांच्याशेजारी बसायला मिळावं म्हणून मी घरची कामं भराभर उरकून, मुलीची वेणी अर्धीमुर्धी घालून धावत सुटायची. ‘मले’ आणि ‘तुले’ मी जिभेवरून खरडून काढलं होतं. एकदा त्यांनी विचारलं, माहेर कुठलं, वडील काय करतात? मी म्हटलं, ‘उमरेडला. कापडाचा धंदा आहे.’ खोटं होतं का ते? धंदा कापडाचाच होता ना? मग कुणी तरी म्हणालं, दुकान मोठं असेल. मी नुसती हसले. त्या हसण्यानं माझ्या बाबांचं दुकान झालं.

आणि मग दिवाळीनंतर बाबा आले. उमरेडच्या मोटारीनं, डोक्याला पटका, अंगात बंडी, काखेत भिवापुरी मिरच्यांची पुरचुंडी. छत्री मोटारीतच विसरून आले होते. ही छत्री लक्षात ठेवा, मी तिचा फार वाईट उपयोग केला.

आल्या दिवसापासून त्यांचं एकच. ‘तुही बाग दाखव ना वं यमू. जावई सांगत होते, लय नामी आहे.’ मी आज-उद्या करत राहिले. आज पाय दुखतात, आज पाहुणे यायचे आहेत. खरं म्हणजे मला नुसत्या कल्पनेनंच चैन पडेनासं झालं होतं. त्यांचा तो पटका, त्या वहाणा. शेवटी एक दिवस मी त्यांना लवकर नेलं, ऊन उतरायच्या आत. वाटलं, कुणी नसेल, पटकन दाखवून आणू. मुलीला बोटाला धरून बाबा रमतगमत चालले होते आणि मी पुढे जाऊन मागे वळून बघत होते, जणू गाडी चुकत होती.

बाबा फाटकात उभे राहिले आणि म्हणाले, ‘एवढी जागा, नुसती बसाले?’ आणि इतके खूष झाले! कारंजं बघितलं, भोंगा बघितला, नातीला घसरगुंडीवरून खाली येताना झेललं. मला त्यांच्याकडे बघवतही नव्हतं आणि नजरही काढवत नव्हती. सारखं लक्ष फाटकाकडे. आणि — व्हायचं तेच झालं. मालतीबाई त्या दिवशी लवकर आल्या. दोघी-तिघी बरोबर होत्या. मला हाक मारली, मी गेले, बसले. बाबा तिकडे घसरगुंडीपाशी. ते बरोबर आलेत हे मी सांगितलं नाही. वाटलं, ते येणार नाहीत इकडे, बायका बसल्यात म्हटल्यावर.

ते आले. मुलीला तहान लागली होती, तिला माझ्याकडे सोडायला आले. मालतीबाईंची पाठ त्यांच्याकडे होती. बाईंच्या पदराचा काठ बाकाच्या मागे लोंबत होता, आणि सिमेंटच्या कडेला घासून त्यातला एक धागा सुटला होता.

विणकराचा हात कसा असतो ते तुम्हाला कसं सांगू? तो माणसाला विचारत नाही. सुटलेला धागा दिसला की त्याची बोटं आधी जातात, डोकं मागाहून येतं. घरी, आई होती तेव्हा तिच्या पदराला, माझ्या परकराला, दारात आलेल्या बोहारणीच्या लुगड्यालासुद्धा बाबांचा हात असाच जायचा आणि कुणाला त्यात काही वाटत नसे. बाबा वाकले. अंगठा जिभेला लावून ओला केला — धागा पिळायला तो ओला करावाच लागतो — आणि मालतीबाईंचा काठ दोन बोटांत धरला.

आता हे मालतीबाईंच्या बाजूनं बघा. मागून पदराला ओढ लागली, वळून बघतात तो एक अनोळखी म्हातारा अंगठा चाटून पदर धरून उभा. त्या किंचाळल्याच. माणसं धावली. पलीकडच्या बाकावरच्या एकानं बाबांची बंडी गळ्यापाशी धरली. चौकीदार काठी आपटत आला, ‘ए बुढ्ढे, औरतों में क्या कर रहा है?’ बाबांना काही कळतच नव्हतं. ते बोटं पुढे करून दाखवत होते, धागा, धागा. पटका सुटून खांद्यावर आला होता. आणि ते माझ्याकडे बघत होते.

एक वाक्य पुरलं असतं. हे माझे वडील, विणकर आहेत, धागा सुटलेला बघवत नाही त्यांना. बस. मालतीबाई हसल्या असत्या, मी त्यांना ओळखते, त्या मनानं वाईट नव्हत्या. कदाचित काठ पुढे करून म्हणाल्या असत्या, द्या मग नीट करून. पण त्या वाक्यात माझं दुकान बुडत होतं.

मी उठले. म्हटलं — किती स्वच्छ बोलले मी, एकही शब्द अडखळला नाही — ‘सोडा त्यांना. माझे वडील आहेत. डोक्याचं जरा ठीक नसतं त्यांचं, धंदा बुडाल्यापासून.’

बघितलंत? त्यांना नाकारलं नाही मी. वडील म्हटलं. आणि एका दमात पटका, वहाणा, बंडी, ओला अंगठा, सगळ्याचा खुलासा करून टाकला. बंडी धरणाऱ्यानं हात जोडले. चौकीदारानं पटका सावरून दिला. मालतीबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा हात धरून म्हणाल्या, ‘किती सोसता हो तुम्ही, कधी बोलला नाहीत.’ आणि मला काय वाटलं, सांगू? मला बरं वाटलं. बाबा हातभर अंतरावर उभे होते. सगळं ऐकत होते.

इथवर थांबलं असतं तर मी स्वतःला समजावलं असतं. मार वाचवला म्हाताऱ्या बापाचा, म्हटलं असतं. पण थांबलं नाही. घरी येताना रस्त्यात बाबा नातीचं बोट धरून चालले होते. मग म्हणाले, ‘काहून वं यमू, मी येडा होऊन राहिलो का? तुले तसं दिसते का?’

ते रागानं विचारत नव्हते हो. मला टोचत नव्हते. खरंच विचारत होते! आपली शिकलेली मुलगी चारचौघांत उगाच असं कशाला बोलेल, असा त्यांचा सरळ हिशेब. रस्त्यावर आम्ही तिघंच होतो, आणि पोर लहान. मी म्हणू शकले असते, बाबा, मी खोटं बोलले, मला लाज वाटली. तर मी काय म्हटलं? ‘बाबा, तुम्ही हल्ली विसरता. परवा छत्री नाही का विसरलात?’ तेही आमच्या बोलीत नाही. बागेतल्या भाषेत.

ते ‘हो’ म्हणाले. ‘छत्री इसरलो खरा.’ आणि मग घर येईपर्यंत त्यांनी नातीचं बोट धरलं नाही.

पुढचं मी भराभर सांगते, सावकाश सांगवत नाही. कचेरीत ह्यांना साहेबांनी, म्हणजे मालतीबाईंच्या यजमानांनी, आपुलकीनं विचारलं, सासऱ्यांची तब्येत कशी आहे? हे घाबरून घरी आले. तेव्हा तरी? तेव्हाही मी म्हटलं, हो, थोडं होतंय तसं, तुम्हाला काळजी नको म्हणून बोलले नाही. हे बिचारे बाबांसाठी शक्तीचं औषध घेऊन आले. बाबा ते निमूट घेऊ लागले. काही दिवसांनी माझा भाऊ शंकर सूत घ्यायला नागपूरला आला, बाबांना परत न्यायला म्हणून घरी उतरला. हे त्याला बाहेरच्या खोलीत सांगत होते आणि मी आत पोळ्या लाटत होते. एक न् एक शब्द ऐकू येत होता. शंकरला पटेना. ‘माग तर बराबर चालवते बाबा, काही चुकत नाही,’ तो म्हणाला. मग त्यानं मलाच हाक मारली. मी पिठाच्या हातांनी दारात उभी राहिले. बाबा भिंतीला टेकून बसले होते. शंकरनं विचारलं, ‘खरं आहे का वं, ताई?’

मी मान हलवली. खाली-वर. तोंड उघडायचेही कष्ट घेतले नाहीत.

आणि बाबा म्हणाले, ‘यमू म्हणते तर असंल. तिले समजते.’

शंकरला तसंही कापडगिरणीत कामाला जायचं होतं. बाबांच्या मागामुळे अडला होता. उन्हाळ्याच्या आत माग मोडून विकला गेला. आमचा माग जमिनीत होता, बसणाऱ्याचे पाय सोडायला खड्डा असतो तसा. तो खड्डाही बुजवला, वरून सारवून घेतलं. माग मोडायला काढलाय असा मला निरोप आला तेव्हा लगेच मोटारीनं निघाले असते तर दुपारी पोचले असते. मी नाही गेले. त्या संध्याकाळी बागेत गेले, आणि बसवेना म्हणून कारंजाभोवती फिरत राहिले. मालतीबाई म्हणाल्या, जीव शांत ठेवा हो.

माग गेल्यावर बाबांना करायला काही उरलं नाही. शंकरची बायको गिरणीच्या वस्तीत गेली, तेव्हा बाबा आमच्याकडेच राहायला आले. बागेत आता सगळे त्यांच्याशी गोड बोलत. मोठ्यानं, सावकाश, लहान मुलाशी बोलावं तसं. बाबा हसून मान डोलवत आणि बाकावर दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसत. हात सुटे राहू नयेत म्हणून. मी ते बघितलं आहे. रोज बघितलं आहे. दोन वर्षांनी ते गेले. आजार असा काही नव्हता.

त्याच्या थोडं आधीची एक दुपार आहे. हे कचेरीत, मुलगी शाळेत. मुलीचा फ्रॉक दोरीवर वाळत होता आणि त्याच्या घेराचा धागा सुटून वाऱ्यानं हलत होता. बाबा खाली बसून त्याच्याकडे बघत होते. किती तरी वेळ. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, ‘यमू, हात लावू का?’

‘राहू द्या, बाबा,’ मी म्हटलं. ‘मी बघते.’

त्या वेळी तिथं मालतीबाई नव्हत्या. शेजारीपाजारी कुणी नव्हतं. घरात आम्ही दोघंच होतो.