तिसरी हाक

‘त्या संध्याकाळी दूरचित्रवाणीच्या संचातून खरखरीत, घोगरा, परंतु निःसंशय पुरुषी असा आवाज आला. तो दोनदा आला. आमच्या दाजींनी परदेशातून आणलेल्या त्या खेळण्यात काय काय करून ठेवले होते ते दाजीच जाणोत. बिचाऱ्या भोळ्या बाईला मात्र तो आपल्या नाहीशा झालेल्या नवऱ्याचा आवाज वाटला. ती ओ देत समुद्राकडे धावली आणि एका खेळाच्या शब्दावर तिने कपाळाचे कुंकू पुसले.’

हा मजकूर माझ्या पत्नीच्या धाकट्या बंधूंचा आहे. पुण्यात राहणारे हे माझे मेहुणे गेली कित्येक वर्षे प्रत्येक लग्नाच्या पंगतीत ही कथा सांगत आले आहेत, आणि मी ती ऐकून घेत आलो आहे. पंगतीत सांगितलेली गोष्ट हात धुतानाच वाहून जाते, असे मला वाटे. परंतु यंदा त्यांनी ती कुटुंबाच्या स्मरणिकेत सविस्तर छापली. छापलेले वाहून जात नाही. वरच्या पाच वाक्यांत दोन आरोप आहेत: माझी वहिनी भोळी होती आणि मी लबाड होतो. दुसरा आरोप मी या वयात सोसला असता. पहिला सोसणार नाही.

त्या काळी मी मालवाहू जहाजावर विजेच्या यंत्रांचा अधिकारी होतो. घर मांडवीला, पुढे ओटी, मागे माडांचे आगर आणि आगरापलीकडे समुद्र. घरात माझी पत्नी आणि माझ्या थोरल्या भावाची पत्नी, म्हणजे वहिनी. दादाही जहाजावरच होते. सत्तरच्या दशकात एका सकाळी त्यांच्या जहाजावर माणसांची मोजणी झाली तेव्हा ते त्यात नव्हते. घरी त्यांची पेटी आली. ते आले नाहीत. ज्याचे शव मिळाले नाही त्याची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याचे विधी करावेत, असे आमचे भटजी सांगत. ती मुदत त्या श्रावणात संपली होती. भाद्रपदात पितृपक्ष यायचा होता. महालयाला घराण्यातल्या गेलेल्यांची नावे घेऊन मी पिंड ठेवणार, त्यात दादांचे नाव घ्यायचे की नाही, हा प्रश्न घरात सर्वांच्या ओठांवर होता आणि कोणी उच्चारत नव्हते. ते नाव घेण्याचा अधिकार माझा. परंतु वहिनींच्या तोंडून होकार आल्याखेरीज मी ते घेणार नव्हतो. आणि वहिनी होकार देत नव्हत्या. जिवंत माणसाचा पिंड ठेवलात तर तो परत कुठल्या दाराने येईल, असे त्यांनी मला एकदाच विचारले होते.

आता त्या यंत्राविषयी. पूर्वेकडच्या एका बंदरात मी एक घरगुती संगणक विकत घेतला होता. आजच्या पिढीला तो टंकलेखन यंत्राचा पिटुकला भाऊ वाटेल. तो दूरचित्रवाणीच्या संचाला जोडायचा, टेपरेकॉर्डरमधून कॅसेटवरचा खेळ त्यात चढवायचा आणि काळ्या पडद्यावर इंग्रजी अक्षरे उमटू लागली की ती वाचून खेळायचे. माझ्याकडे जो खेळ होता त्यात चित्रे नव्हतीच. तुम्ही एका बेटावरच्या दीपगृहाचे एकटे पहारेकरी. जिने चढा, दिवा लावा, शिधा मोजा, वाट पाहा. त्यातल्या काही गोष्टी चमत्कारिक होत्या. शिधा संपत नसे. दिव्याचे तेल उतरत नसे. आरशापाशी गेलात तर ‘आरशात खोलीची मागची भिंत दिसते’ एवढेच वाक्य येई. आमच्या जहाजावरचे सोबती हसत आणि म्हणत की खेळ रचणाऱ्याने आळस केला आहे. शेवटी एका संध्याकाळी बाहेरून कोणीतरी तुम्हाला हाक मारी आणि खेळ विचारी: उत्तर द्यायचे का? आम्ही सगळे उत्तर देत असू. मग होडी येई, तुम्हाला किनाऱ्यावर नेई, आणि पडद्यावर अक्षरे उमटत: ‘तुम्ही बंदरात उतरता. बंदरात कोणी नाही. खेळ समाप्त.’ नाना देशांचे खलाशी तो खेळ खेळले, पण पहिल्या हाकेला गप्प बसावे हे एकाच्याही मनात आले नाही.

माझे नातू हल्ली मला नवे खेळ दाखवतात. त्यांत चित्रपटासारखी माणसे चालतात, पाऊस पडतो, आणि मध्येच अशी काही कलाटणी येते की ज्याला आपण वाचवत होतो तोच वैरी निघतो. ‘आजोबा, तुमच्या वेळी असलं काही नव्हतं,’ असे ते म्हणतात. मी त्यांना सांगतो की आमच्या वेळी कलाटणीच होती; बाकी काही नव्हते. कादंबरीत कलाटणी दुसऱ्या कोणावर येते आणि आपण खुर्चीत बसून ती पाहतो. खेळात ती आपल्याच बोटावर येते. दार आपण उघडलेले असते, पायरी आपण चढलेली असते, आणि उलगडा होतो तेव्हा कोणाकडे बोट दाखवायला जागा उरत नाही. हे मी त्या एका संध्याकाळी शिकलो, आणि शिकवले वहिनींनी, ज्यांना इंग्रजीचे अक्षर वाचता येत नव्हते.

गणपतीचे विसर्जन आदल्या दिवशी झाले होते. रिकामे मखर अजून ओटीवर तसेच होते. त्यातली समई मात्र वहिनींनी लावली होती. मेहुणे गणपतीला आलेले होते. त्या सकाळी ते बाजारात जाऊन परतीच्या एस.टी.चे आरक्षण आणि माझे एक किरकोळ काम करून आले होते. एरवी दिवेलागणीला शेजारपाजारची मंडळी संचासमोर येऊन बसत. त्या दिवशी कोणी फिरकले नव्हते. मी खेळ चढवला आणि टेपरेकॉर्डर सोडवून मेहुण्यांच्या हवाली केला, कारण त्यांना त्यावर आपल्या आवडीची गाणी लावायची होती. तो संध्याकाळभर त्यांच्या मांडीवर होता, हे त्यांनी स्वतःच स्मरणिकेत लिहिले आहे. मी वाक्ये वाचून मराठीत सांगत होतो आणि काय करायचे ते वहिनी सांगत होत्या. आरशाच्या वाक्याला सोबती हसत; वहिनी हसल्या नाहीत. त्यांनी मला ते पुन्हा वाचायला लावले.

बाहेर तिन्हीसांजा झाल्या आणि योगायोगाने पडद्यावरही झाल्या. मी वाचले: बाहेरून कोणीतरी तुम्हाला हाक मारते, उत्तर द्यायचे का?

‘देऊ नका,’ वहिनी म्हणाल्या.

आमच्याकडे ही रीत लहानपणापासून अंगात मुरलेली असते. दिवेलागणीनंतर बाहेरून आलेल्या पहिल्या हाकेला कोणी ओ देत नाही, दुसरीलाही नाही. शेजारी विरजण मागायला आला तरी तीन हाका मारतो आणि मगच पायरी चढतो. मेहुण्यांना याची गंमत वाटली. त्यांनी कारण विचारले.

‘एक हाक कोणीही मारतं,’ वहिनी म्हणाल्या. ‘दुसरीही मारतं. तिसरी फक्त जिवंत माणसाची.’

‘म्हणजे कोकणातल्या भुतांना दोनपर्यंतच मोजता येतं.’

‘त्यांना तेवढं तरी येतं. पुण्याच्या पाहुण्यांना पहिल्याच हाकेला पाटावर बसायची सवय.’

माझी पत्नी तोंडाला पदर लावून हसली. मी ‘नाही’ची कळ दाबली. दुसरी हाक आली. पुन्हा ‘नाही’. आणि पडद्यावर असे काही उमटू लागले जे मी वा माझ्या सोबत्यांनी कधी पाहिले नव्हते. मी एकेक ओळ सांगत गेलो. बाहेरचा माणूस तिसऱ्यांदा हाक मारतो. उत्तर येत नाही. तो होडीत बसलेल्या बाईला सांगतो की तुझा नवरा मागच्या हिवाळ्यातच गेला, आता पटले ना? ती पाण्यात फुले सोडते. तुम्ही खिडकीतून पाहता. ती वर पाहते. तिला दिवा दिसतो. तुम्ही दिसत नाही.

मग पडदा काळा झाला. न संपणारा शिधा, न उतरणारे तेल आणि आरशातली ती भिंत एकदम आपापल्या जागी जाऊन बसली. मी एका मेलेल्या माणसाच्या बोटांनी खेळत होतो, आणि ते मला सुरुवातीपासून सांगितले जात होते. समईची ज्योत सरळ उभी होती; वारा अजिबात नव्हता.

तेवढ्यात हाक आली.

‘आहेस का गो?’

दादा वहिनींना नावाने हाक मारत नसत. आगराच्या बेड्याशी, म्हणजे मागच्या काठ्यांच्या फाटकाशी, आले की ते एवढेच विचारत. त्यांच्यानंतर त्या घरात ते शब्द कोणी उच्चारले नव्हते. ती हाक आम्ही चौघांनीही ऐकली. मेहुण्यांनी ‘कोण’ म्हणायला तोंड उघडले, तेव्हा वहिनींनी त्यांच्या तोंडावर तळहात ठेवला. धावणे तर दूरच, त्या जागच्या हलल्यादेखील नाहीत. ओ देण्याची गोष्टच नको. त्यांचा दुसरा हात समईच्या खांबावर स्थिर होता. मी पाहत होतो.

दुसरी हाक आली. तेच शब्द, पण लांबून. माणूस पाण्यात असावा आणि पाणी त्याला मागे नेत असावे, तशी.

मग आम्ही वाट पाहिली. किती वेळ, ते मी सांगणार नाही, कारण मी घड्याळ पाहिले नव्हते आणि मेहुण्यांनी छापलेली मिनिटे त्यांनी कुठून आणली ते त्यांनाच ठाऊक. मला आठवते ते वहिनींचे तोंड. त्या कान देऊन ऐकत होत्या आणि त्यांचे ओठ किंचित विलग झाले होते. तिसरी हाक आली असती तर त्या ओ देणार होत्या. बारा वर्षे साठवलेली ओ त्यांच्या घशात तयार होती, आणि ती द्यायला मिळावी अशी माझीही त्या क्षणी इच्छा होती.

तिसरी हाक आली नाही.

वहिनींनी मेहुण्यांच्या तोंडावरचा हात काढला, पदराला पुसला आणि माझ्याकडे पाहून म्हणाल्या, ‘भावोजी, महालयाला त्यांचं नाव घ्या.’

मी विजेरी घेऊन आगरात गेलो. बेड्याची दोरी आतून बांधलेली होती. माडांखालची माती ओली होती आणि तिच्यावर एकही पाऊल नव्हते. ते कोण होते, हे मी सांगत नाही. मी आयुष्यभर तारा आणि दिवे सांभाळले. ज्याची तार मला सापडली नाही त्याविषयी मी बोलत नाही.

पितृपक्षाआधी भटजींनी दर्भाचा पुतळा करून दादांचे विधी केले, आणि महालयाला मी त्यांचे नाव घेतले. वहिनींनी कुंकू त्या संध्याकाळी पुसले नाही, विधींनंतरही नाही. कोणी विचारलेच तर त्या म्हणत की ते मी पाळण्यात असल्यापासून लावते, ते माझे आहे. त्यानंतर दिवेलागणीला आगराकडे तोंड करून बसणे त्यांनी सोडले, एवढाच बदल. ज्या बाईने हाक ऐकूनही नियम मोडला नाही आणि त्याच नियमाने आलेले उत्तर स्वीकारले, तिला भोळी म्हणण्याचा अधिकार पहिल्याच हाकेला तोंड उघडणाऱ्याला नाही.

वहिनी होत्या तोवर हा विषय काढू नये अशी त्यांची इच्छा होती. ती मी पाळली. आता त्या नाहीत. राहता राहिला तो संचातून आलेला खरखरीत, घोगरा आवाज, जो मी कारागिरीने काढला म्हणतात. मेहुण्यांनी तो संच आठवावा. गणपतीतल्या दमट हवेने त्याच्या स्पीकरचा कागदी पडदा कुजला होता, म्हणून मी तो खोलून बाहेर काढला होता, आणि मुका संच पाहायला शेजारी येणार तरी कशाला? तो स्पीकर त्या संध्याकाळी बाजारातल्या दुरुस्तीवाल्याच्या फळीवर पडून होता. आणि त्याच दिवशी सकाळी, एस.टी.च्या आरक्षणाला जाता जाता, वर्तमानपत्रात गुंडाळून तो तिथे नेऊन दिला होता खुद्द मेहुण्यांनी.