भिकाची खुंटी

हे मी आजवर कुणाजवळ बोललो नाही. बायकोजवळ नाही. तालमीतल्या मारुतीसमोर रोज सकाळी हात जोडून उभा राहतो, त्याच्याजवळही नाही. तुम्ही परके, म्हणून तुमच्याजवळ बोलतोय. ओळखीच्या माणसाला सांगायला छाती लागते – आणि माझी छाती नुसती दिसायलाच मोठी.

भडगावात मला सगळे वस्ताद म्हणतात. गिरणा नदीच्या काठची ही तालीम आबांची. आबा आमचे वस्ताद. मी आणि भिका एकाच वर्षी त्यांच्या मातीत उतरलो – मी सुताराचा, भिका शेतावर वर्षाच्या बोलीनं राबणाऱ्या सालदाराचा. एका लोट्यातलं दूध प्यायलो, एकमेकांच्या पाठी रगडल्या, आबांचा मार वाटून खाल्ला. भिका मोठा गरीब स्वभावाचा. कुणी शिवी दिली तरी हसायचा. पण लंगोट कसला की – अरे बापरे! नऊ वर्षांत मी त्याला एकदाही चीत करू शकलो नाही. एकदाही नाही. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

आबांच्या तालमीत भिंतीला सागाच्या खुंट्या आहेत. एका पैलवानाला एक, त्याचा लंगोट तिथेच. खुंटी मिळाली की तुम्ही आबांचे, आणि आबांनी लंगोट काढून उंबऱ्याबाहेर ठेवला की संपलं – पुन्हा आत पाय टाकायचा नाही. दुसरा एक नियम होता. एका भिंतीवरच्या दोघांनी फडात एकमेकांशी लढायचं नाही. चुकून जोड लागलीच तर दोघांनी हात खाली सोडायचे, मातीला शिवायचं आणि बाहेर यायचं. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही. आबा म्हणायचे, भावाची पाठ मातीला लावून कुणी मोठा होत नाही.

आता धुळ्याचं सांगतो.

चीनची लढाई होऊन दोनेक वर्षं झाली असतील. एका जत्रेत माझा गुडघा निखळला. आबांनी वर्षभर मातीत यायला बंदी केली. घरात बसून काय करू? धुळ्याला गेलो, सरकी काढायच्या एका जिनात कापूस तोलायच्या काट्यावर कामाला लागलो. तेवढ्यात गावात फ्री-स्टाइल कुस्त्यांची कंपनी आली. टांग्यावर भोंगा लावून दिवसभर ओरडा – इराणचा काळा बुरखा, आजवर कुणी पाडला नाही, खानदेशात कुणी मर्द असेल तर समोर या! मी मजा म्हणून तंबू बघायला गेलो. मालकानं माझी मान पाहिली आणि बाजूला घेतलं. त्याचा खरा बुरखेवाला काविळीनं आडवा झाला होता. तोही इराणचा नव्हताच, इंदूरकडचा होता.

मी हो म्हणालो. का म्हणालो? गुडघा गेलेल्या पैलवानाला कुणी हाक मारत नाही हो. आणि तिथे गुडघा लागतच नव्हता! कोण जिंकणार ते दुपारच्या चहाला ठरायचं. लढायला फळ्यांचा चौथरा, वर गोणपाट, खाली पोकळ, पाय आपटला की तोफेसारखा आवाज. छातीवर थाप अशी मारायची की वाजेल खूप, लागेल काही नाही. ‘कुणी मर्द आहे का’ म्हटल्यावर प्रेक्षकांतून जो ताडकन उठायचा, तो कंपनीचाच माणूस. पहिल्या दिवशी मला हसू आवरेना. तिसऱ्या दिवशी टाळ्यांची गोडी लागली. एकच अट होती – बुरखा घातला की तोंडातून शब्द काढायचा नाही. इराणी माणूस मराठी कसा बोलेल?

हे भोंग्याचं बोलणं भडगावात आबांच्या कानावर गेलं. खानदेशात मर्द नाही? आबांना ते लागलं. स्वतः ते आले नसते, तिकीट काढून कुस्ती बघायची म्हणजे ती काय नाटक आहे, असं त्यांचं म्हणणं. पण त्यांनी भिकाच्या हातात नारळ दिला आणि गावची चाळीस माणसं बरोबर देऊन त्याला एस्टीत बसवलं.

मला यातलं काही ठाऊक नव्हतं. संध्याकाळच्या खेळाला आरोळी झाली. कंपनीचा माणूस उठायच्या आधीच मागून एक जण उठला. सदरा काढत पुढे आला आणि दोरीखालून वाकून वर चढला. भिका! मालकानं त्याला थांबवायला पाहिलं, पण भडगावकर आणि धुळेकर एका आवाजात ओरडायला लागले. त्याला कुणी काय ठरवलंय ते सांगितलंच नाही. सांगितलं असतं तरी त्याला कळलं नसतं. कुस्ती ठरवून करतात हे भिकाच्या डोक्यात शिरणारं नव्हतंच.

आणि मी काय केलं माहीत आहे? हात आपोआप खाली गेला. फळीला शिवलो, ते बोट कपाळाला लावलं आणि मग भिकाच्या डाव्या खांद्यावर टेकवलं. आबांच्या पोरांची सलामी. तिथे माती नव्हती, नुसतं गोणपाट – पण हाताला काय कळतं?

भिका क्षणभर थांबला. आम्ही माना अडकवल्या. सलामी ओळखून माझ्या कानाशी तो हळूच म्हणाला, “तूच शे ना रे?”

मी बोललो नाही. त्यानं खाली झुकून माझा पाय धरला, तो दुखरा पाय. त्याचा पंजा गुडघ्यावरच्या गाठीला लागला. कित्येक रात्री त्यानंच त्या गाठीला तेल चोळलं होतं. नुसता ओढला असता तरी मी उताणा पडलो असतो. त्यानं पाय सोडला. सरळ उभा राहिला. आणि दोन्ही हात खाली सोडले.

वाट बघत होता तो. मीही हात सोडीन, गोणपाटाला शिवीन, दोघं उतरून जाऊ. त्याला खात्रीच होती. माझ्या बुरख्यातल्या डोळ्यांकडे बघून तो थोडं हसलासुद्धा.

मालक दोरीपाशी उभा राहून डोळे वटारत होता, बुरखा उतरला असता, गावासमोर शोभा झाली असती – हे सगळं खरं. पण तेवढंच खरं नाही. नऊ वर्षं मी ज्याच्याखाली पडत आलो तो समोर हात सोडून उभा होता. मी धुळ्याला निघायच्या आधी आबा सगळ्यांसमोर म्हणाले होते, माझ्यामागे तालीम भिकाची. ते मला सलत होतं. वाटलं, एकदा. एकदा तरी.

मी त्याला कमरेत धरून उचलला आणि आपटला. वाजवण्यापुरता नाही – खरा. त्या तंबूतली खरी म्हणावी अशी तेवढी एकच पाडणी. त्याच्या छातीवर बसलो तेव्हा तो माझ्याकडेच बघत होता. चिडला नव्हता. काही कळत नसल्यासारखा बघत होता.

मग चपला आल्या, संत्र्याच्या साली आल्या. भिका विकला गेला, भिकानं हात सोडले, सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं! त्याचेच चाळीस गाववाले ओरडत होते. भिका सदरा खांद्यावर टाकून खाली उतरला. एका शब्दानं त्याला सगळं सांगता आलं असतं, बुरख्यात कोण आहे ते. पण आबांच्या भिंतीवरचा पैलवान बुरखा घालून तमाशा करतो, हे आबांना कळलं असतं तर? त्यानं आबांना वाचवलं. मलाही वाचवलं. मी त्याला काय दिलं?

चार दिवसांनी मी भडगावला आलो. आबांनी भिकाला विचारलं होतं, तर तो मान खाली घालून, चूक स्वतःवर घेत एवढंच म्हणाला होता, “मनं चुकनं, आबा.” आबांचा विश्वास बसेना. त्यांनी मला मारुतीसमोर बसवलं. म्हातारा चार दिवसांत वाळून गेला होता. धुळ्यातल्या खेळाचं विचारत म्हणाले, “तू धुयाले व्हता ना? बठ्ठं गाव म्हनस, भिका इकाई गया. तू सांग. तू सांगशी ते खरं.”

इथे मला बुरखा नव्हता. बोलायची बंदी नव्हती. मी म्हणालो, “पैसे घेताना मी पाहिलं नाही, आबा. पण –”

आणि गप्प बसलो. बोलायची गरजच नव्हती. तो ‘पण’ मी जाणूनबुजून ठेवला, हे मला तेव्हाही माहीत होतं, आजही माहीत आहे.

आबा उठले. खुंटीवरचा भिकाचा लंगोट काढला, नीट घडी केली आणि उंबऱ्याबाहेर ठेवला. पोटच्या पोराला बाहेर काढल्यागत ते तिथेच बसून राहिले.

भिका शिंदखेड्याला गेला. एका मारवाड्याच्या आडतीवर पोती उचलायचा. आबांनी चार वर्षांनी डोळे मिटले, भिका विकला गेला असंच समजून. तालीम माझ्याकडे आली.

तेराव्याला भिका आला होता. उंबऱ्याच्या बाहेरच थांबला. आत ये म्हणालो, तर मान हलवली, आबांनी काढलंय ना. तिथूनच वाकून त्यानं हात लांबवला आणि चिमूटभर माती घेतली. ताक-हळद घालून मळलेली माती, नाकाला लावून पाहिली. म्हणाला, “माती चांगली राखेल शे तू.” मग ती चिमूट माझ्या डाव्या खांद्यावर टेकवली आणि बसस्टँडकडे चालू लागला.

मी तेव्हाही बोललो नाही. आम्ही दोघंच होतो, तरी नाही.

गेल्या पौषात भिका वारला. शिंदखेड्याहून पत्र आलं, मी गेलो नाही. त्याच्या खुंटीवर मी कुणाचा लंगोट टांगू देत नाही. परवा एका नव्या पैलवानानं विचारलं, वस्ताद, ही खुंटी कुणाची?

मी म्हणालो, कुणाची नाही.